टोपण नसलं तरी चालतंय की

मी एक जुना पेनड्राइव्ह आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे जुनी वस्तू बोलायला लागली की रडगाणंच गाणार, असं तुम्ही धरून चालायला नको. रडायला मला डोळे नाहीत. तोंड मात्र आहे. चपटं, चौकोनी, पत्र्याचं. माझ्या आयुष्यातला सगळा घोटाळा त्या तोंडापायीच झाला.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते मला नक्की सांगता येत नाही. कारखाना मोठा होता, भावंडं हजारो होती आणि निरोप द्यायला कोणी आलं नव्हतं, एवढं आठवतं. मग बराच प्रवास करून मी सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका दुकानात खिळ्याला लटकलो. तिथे मला मालतीबाई भेटल्या. कुंभारीच्या शाळेत त्या क्लार्क आहेत. "निळा द्या, निळा लवकर मळत नाही," असं म्हणून त्यांनी मला उचललं. दुकानदाराने माझं पांढरं टोपण काढून दाखवलं आणि पुन्हा घट्ट बसवलं. "बाई, हे टोपण जपा. तोंडात घाण गेली की ह्याचं संपलं," तो म्हणाला. मालतीबाईंनी मान डोलावली. ती मान मी अजून विसरलेलो नाही.

शाळेतला संगणक माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. पाठीमागे भलंमोठं पोट असलेला पडदा, खाली घुरघुरणारा डबा. पहिल्या दिवशी त्याने मला चांगली दोन मिनिटं निरखलं आणि मग 'टुंग' असा आवाज केला. तीच आमची ओळख. पुढे रोज तो मला बघून टुंग करायचा आणि मी माझा निळा दिवा लावायचो. आमच्यात कधी वितुष्ट आलं नाही. पुढे लोक जे काही म्हणाले, ते ऐकताना हे ध्यानात ठेवा.

आता माझ्या कामाविषयी सांगतो. शाळेची जुनी रजिस्टरं होती, पिवळ्या पानांची. कोण मूल कधी आलं, जन्मतारीख काय, कधी शाळा सोडली, सगळं त्यांत. कपाटाला वाळवी लागलेली. मालतीबाईंनी ठरवलं की ही नावं संगणकावर उतरवायची. सुटीनंतर रोज एक तास बसून त्यांनी चार वर्षांत सहा हजार चारशे बारा नावं टाइप केली. वाळवी पुढे आणि त्या मागे, अशी शर्यतच होती. शेवटचं रजिस्टर उतरवून झालं त्या महिन्यात पहिल्या रजिस्टराचा नुसता पुठ्ठा उरला होता. तेव्हा हेडमास्तर वेणीमाधव सर सगळ्यांसमोर मला दोन बोटांत धरून म्हणाले, "ही आपल्या शाळेची स्मरणशक्ती." मला फार बरं वाटलं. खोटं का बोलू?

पण मित्रांनो, ह्या गावात एक शब्द आहे, आणि त्याने माझा घात केला. 'चालतंय की.' खुर्चीचा पाय मोडला, खाली वीट लावली, चालतंय की. घंटेचा हातोडा हरवला, नटबोल्टने वाजवली, चालतंय की. स्नेहसंमेलनाची गाणी घेऊन मला मंडपवाल्याकडे पाठवलं, तिथे त्याने माझं टोपण काढून कुठेतरी ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. मी उघड्या तोंडाने परत आलो. मालतीबाईंनी मला उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाल्या, "टोपण नसलं तरी चालतंय की."

तेव्हापासून मी टेबलाच्या उजव्या खणात उघडाच पडून. खणात खडूची भुकटी, टाचण्या, शिक्क्याची शाई आणि कोणीतरी अर्धवट चघळलेली बडीशेप. सगळं माझ्या तोंडाशी. पुढे संगणकाची हार्ड डिस्क गेली, तिच्यातली नावंही गेली. महेश्वर मेकॅनिकने नवी डिस्क बसवली आणि बजावलं, "मॅडम, पेनड्राइव्हची एक कॉपी काढून ठेवा बघा." मालतीबाई म्हणाल्या, "आहे ना सगळं त्यात? चालतंय की." झालं. सहा हजार चारशे बारा माणसांचे जन्म एका बिनटोपणाच्या तोंडावर सोडून ही माणसं घरी जात होती.

आणि मग आली खंडेनवमी.

तुम्हाला माहीत आहेच, त्या दिवशी हत्यारांची पूजा करतात. शाळेत हत्यारं कुठली? घंटा, पृथ्वीचा गोल, प्रयोगशाळेतला तराजू, खिचडी शिजवणाऱ्या गोजरबाईंचं लांब दांड्याचं उलथनं, आणि आम्ही दोघं, संगणक आणि मी. संगणकाच्या कपाळाला बोट लागलं. मला तर चक्क ताटात ठेवलं, घंटेच्या शेजारी. सगळी तयारी झाली आणि लक्षात आलं की अक्षता राहिल्या. मालतीबाईंनी खिडकीतून हाक मारली.

"गोजरबाई, मूठभर तांदूळ द्या की!"

"कोठीला कुलूप हाय बाई, किल्ली सरांपाशी. चाळलेली कणी हाय हितं, देऊ का?"

"अक्षता अखंड लागतात खरं तर." मालतीबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "द्या, कणी तर कणी. चालतंय की."

मग ओलं कुंकू, त्यावर हळद, त्यावर कणी. मालतीबाईंचं भरलेलं बोट थेट माझ्या पत्र्यावर आलं. तोंड उघडं होतं, आत गेलं. खरं सांगतो, त्या वेळी मला मुळीच राग आला नाही. सगळे हात जोडून उभे होते आणि त्यात वेणीमाधव सरही होते. मी खूश होतो. इतकी वर्षं खणात काढल्यावर कोण नसतं? पूजा झाल्यावर मालतीबाईंनी मला पदराने पुसलं. बाहेरचं निघालं आणि उरलेलं आणखी आत ढकललं गेलं. दोन दिवस शाळेला सुटी होती. माझ्या तोंडात ते सगळं वाळून घट्ट बसलं.

सोमवारी सकाळी गोजरबाई आपल्या सृष्टीला घेऊन ऑफिसात आल्या. सृष्टी ह्याच शाळेत शिकलेली. तिला नर्स व्हायचं होतं, यादीत नाव लागलं होतं. पण बारावीच्या दाखल्यावर जन्मसालात सहाच्या जागी आठ पडला होता. त्या कागदाप्रमाणे ती सोळा वर्षांची ठरत होती, आणि सतरा पूर्ण नसतील तर प्रवेश नाही. तिला आमच्या शाळेचा उतारा हवा होता, म्हणजे रजिस्टरातली नोंद जशीच्या तशी उतरवून दिलेला सहीशिक्क्याचा कागद. आजचा शेवटचा दिवस, पाच वाजेपर्यंत. आधीच्या आठवड्यात ती येऊन गेली होती. तेव्हा मालतीबाई म्हणाल्या होत्या, "पूजेची गडबड आहे, दसऱ्यानंतर ये. चालतंय की."

"माझी पोरगी येळवशीच्या दुसऱ्या दिवशी झाली," गोजरबाई आल्या आल्या म्हणाल्या. "येळवशीचा सैपाक शेतात न्यायचा व्हता, मला जाता आलं न्हाय. लई चांगलं ध्यानात हाय माझ्या. पर कालेजात कोण ऐकून घेतंय?"

कोणी ऐकलं नसतं. पण माझ्या पोटात ती तारीख होती, मार्गशीर्षातल्या त्या येळवस अमावस्येच्या दुसऱ्या दिवसाची, एकवीस डिसेंबर दोन हजार सहा. जन्माचा दाखला कोणी काढलाच नव्हता, शाळेचं रजिस्टर वाळवीने खाल्लेलं; सगळ्या जगात लिहिलेली अशी ती माझ्याकडेच उरली होती.

मालतीबाईंनी मला संगणकाच्या पुढच्या भोकात घातलं. टुंग झालं नाही. संगणकाने कष्टाने एक इंग्रजी चौकोन दाखवला. डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड. हे उपकरण ओळखता येत नाही. ओळखत नाही? अरे, माझी आणि त्याची बारा वर्षांची ओळख! त्याने हात पुढे केला होता, मी हात पुढे केला होता, मध्ये कुंकवाची भिंत होती. मला काढलं, फुंकलं, पुन्हा घातलं. संगणकाच्या मागच्या बाजूच्या भोकात घातलं. संगणक बंद करून चालू केला. मला उलटं घालायचाही प्रयत्न झाला, आणि नाही जात म्हणून जोर लावला. प्रत्येक वेळी कुंकू आणखी दाबलं जात होतं. मी मनातल्या मनात ओरडत होतो, माझ्या तोंडात बघा! पण सगळ्यांच्या नजरा पडद्यावर. दोन तासांत एकानेही माझ्याकडे बघितलं नाही.

वेणीमाधव सर संगणकावर खेकसले. "हे डबडं कधीच भंगारात काढायला हवं होतं!"

तो बिचारा घुरघुरत राहिला. आयुष्यभर शाळेचे कागद काढून दिले त्याने, आणि कुंकू दुसऱ्याचं, शिव्या ह्याला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, तळपाय असता तर.

एक वाजता महेश्वरला फोन केला. तो वळसंगहून येईपर्यंत अडीच झाले. तो शहाणा माणूस, पण त्याचंही लक्ष पडद्यावरच. त्याने कुठल्या कुठल्या याद्या उघडल्या, माझ्या नावापुढे पिवळी खूण आहे म्हणाला, ती काढून टाकली, संगणक परत चालू केला. खूण परत आली. मग त्याने मला सरांच्या नव्या लॅपटॉपला लावलं. तिथे मी जिवाच्या आकांताने कुंकवाच्या फटीतून थोडासा आवाज काढला. लॅपटॉपला अर्धवट ऐकू गेलं आणि त्याने भलताच चौकोन दाखवला.

महेश्वरने कपाळाचा घाम पुसला. "सर, फॉरमॅट करा म्हणून विचारतंय बघा. करू काय?"

आता मित्रांनो, नीट ऐका. संगणकाच्या भाषेत फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी करणं. आत आहे ते सगळं पुसून टाकणं. पण वेणीमाधव सरांचं आयुष्य सरकारी कागदांत गेलेलं. त्यांच्या लेखी फॉरमॅट म्हणजे ठरवून दिलेला नमुना. वरच्या ऑफिसातून रोज फोन येतो, माहिती फॉरमॅटमध्ये पाठवा. सर एकदम उत्साहात आले.

"अहो करा की! फॉरमॅटमध्येच हवाय उतारा. त्याशिवाय कॉलेजवाले घेणार नाहीत."

महेश्वरला वाटलं, सरांकडे दुसरी कॉपी असणार. त्याने बाण बटणावर नेला. मला पहिल्यांदा राग सोडून भीती वाटली. एका टिचकीत सहा हजार चारशे बारा जन्म जाणार होते. त्यात सृष्टीचा होता आणि खुद्द गोजरबाईंचाही होता.

"थांबा!" मालतीबाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की व्हरांड्यातली मुलं आत डोकावली. त्यांनी महेश्वरचा हात धरला आणि मला लॅपटॉपमधून ओढून काढलं. "सर, फॉरमॅट म्हणजे सगळं पुसलं जातं. चार वर्षं बसले होते मी ह्यावर!"

"मग दुसरी कॉपी कुठे आहे?" सरांनी विचारलं.

मालतीबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"नाही? एवढ्या मोठ्या शाळेच्या नोंदी, आणि दुसरी कॉपी नाही?"

"सर, तुमी नंतर भांडा," गोजरबाईंचा आवाज चढला. "तीन वाजून गेलेत. दसऱ्यानंतर या म्हणलात, आलो. आता मिशीन वळखत न्हाय म्हणताय. माझ्या पोरीनं काय करायचं? कुटं जायचं?"

सृष्टी भिंतीला टेकून उभी होती, कागदांची पिशवी छातीशी धरून. ती एवढंच म्हणाली, "मॅडम, पाचनंतर नाव दुसऱ्याला देणार म्हणलेत."

मालतीबाईंनी मला मुठीत आवळलं होतं. ऑक्टोबरचं ऊन, हाताला घाम. त्यांनी मूठ उघडली, तर अंगठा लाल झालेला होता.

त्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. मग मला घेऊन खिडकीपाशी गेल्या आणि बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडात डोकावून बघितलं. बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून त्यांनी कुंकू हलक्या हाताने खरवडलं. मला दुखलं, पण ते दुखणं मला हवं होतं. आधी भुकटी पडली, मग एक लाल कणी निखळून त्यांच्या तळहातावर आली. त्यांनी झटकन मूठ मिटली.

"काय निघालं?" सरांनी विचारलं.

"धूळ," मालतीबाई म्हणाल्या.

धूळ! मित्रांनो, त्या क्षणी मला जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कधी आला नाही. सरांवर नाही, महेश्वरवर नाही. ते परके होते. मालतीबाई माझ्या होत्या. संगणकाला डबडं म्हणून झालं, मला ओळखत नाही म्हणून झालं, आणि तोंड भरलं कोणी तर धुळीने!

त्यांनी संगणकाचं भोकही कोरड्या ब्रशने पुसलं आणि मला आत घातलं. सगळे पडद्यापाशी वाकले. एक मिनिट गेलं. टुंग.

पुढचं भराभर झालं. जुना प्रिंटर करकरत उतारा घेऊन बाहेर आला, तारखेसकट. सरांनी सही केली, शिक्का दोनदा मारला. चार वाजून दहा मिनिटांनी महेश्वरने सृष्टीला आपल्या मोटरसायकलवर बसवलं आणि दोघं अक्कलकोट रस्त्याने सोलापूरकडे गेली. गोजरबाई खिचडीची भांडी घासत बसल्या, फोन शेजारी उलट्या पातेल्यावर ठेवून. एकच पातेलं त्यांनी किती वेळा घासलं ते त्यांनाच ठाऊक. पाचला आठ मिनिटं असताना फोन वाजला.

"आई, उतारा घेतला. प्रवेश झाला."

गोजरबाईंनी राखेच्या हातानेच डोळे पुसले. मालतीबाई दारात उभ्या होत्या, मी त्यांच्या एका हातात, दुसरी मूठ अजून मिटलेली. त्यांना आता काही सांगायची गरज नव्हती. काम झालं होतं, कोणी विचारलं नसतं. पण त्या आत आल्या, खाली बसल्या आणि मूठ उघडली.

"गोजरबाई, धूळ नव्हती. हे होतं."

गोजरबाईंनी कणी दोन बोटांत धरून उजेडात बघितली. तांदूळ ओळखायला त्यांना संगणक लागत नाही.

"ही आपल्या खिचडीची कणी हाय की. मीच दिलती."

"तुम्ही दिली, मी मागितली. पूजा करताना माझ्याच हाताने ह्याच्या तोंडात गेली. आणि मघाशी सरांपुढे मी खोटं बोलले."

गोजरबाईंनी कणी परत मालतीबाईंच्या तळहातावर ठेवली. मला वाटलं, आता म्हणतील, जाऊ द्या बाई, चालतंय की. तसं म्हटलं असतं तर मी पुन्हा कधी दिवा लावला नसता. पण त्या म्हणाल्या, "बाई, माझ्या पोरीचं अख्खं वरीस गेलं असतं. नर्स व्हायचं राहून कुटं तरी लगीन लावून दिलं असतं तिच्या चुलत्यांनी. तुमी पूजा करता, देवाला हात जोडता. पर माझ्या मिठाच्या बरणीला बी झाकण हाय. ह्याला का न्हाय?"

बारा वर्षांत माझी बाजू कोणी घेतली असेल तर ती ह्या बाईने, आणि तिला माझं नावसुद्धा नीट घेता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालतीबाई आधी सरांच्या टेबलापाशी गेल्या आणि धूळ म्हणजे काय होतं ते त्यांनी सांगितलं. सरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, बहुधा त्यांना फॉरमॅट आठवला, आणि मिटलं. मग मालतीबाईंनी माझ्या दोन प्रती काढल्या. एक सरांच्या कपाटात, एक स्वतःच्या घरी. गोजरबाईंनी जिऱ्याची एक स्टीलची डबी धुऊन, उन्हात वाळवून आणून दिली. मी तिच्यात बरोबर मावतो. जिऱ्याचा वास आठवडाभर होता. ते मी सोसलं.

मला डबीत ठेवलं त्याच सकाळी महेश्वर आदल्या दिवशी विसरलेली पिशवी न्यायला आला. मालतीबाई डबीचं झाकण लावत होत्या, जरा घट्ट होतं. तो हसला. "कशाला खटपट मॅडम? टोपण नसलं तरी चालतंय की."

"नाही चालत," मालतीबाई म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कोणीतरी उघड्या तोंडाने पडलेलं असेल. ते एक दिवस बोलेनासं झालं, तर त्याला मेलं म्हणण्याआधी, जुन्या संगणकाला शिव्या देण्याआधी, एकदा त्याच्या तोंडात बघा. आणि वर्षातून एकदा हात जोडणार असाल तर खुशाल जोडा, पण उरलेले दिवस त्याला झाकण असू द्या.

ह्या वर्षी पुन्हा खंडेनवमी झाली. ताटात मी होतोच, डबीसकट. ह्या खेपेला अक्षता अखंड होत्या, कोठीची किल्ली आदल्या दिवशीच मागून ठेवलेली. सृष्टी सुटीला आली होती, पांढऱ्या गणवेशात, आईला दाखवायला म्हणून घालून. मालतीबाईंचं कुंकवाचं बोट माझ्या दिशेने आलं तसा मी जुन्या रागाने तापलो. पण त्या थांबल्या. झाकण लागलं आहे का ते दोनदा दाबून बघितलं, आणि मग बाहेरून, स्टीलवर, एक बोट ओढलं.